धुण्याच्या दगडाची खालची बाजू

निरोप आला तेव्हा मी वळसंगला विहिरीच्या बांधकामावर होतो. शेजारचा गणपत सायकलवरून आला आणि काठावरून म्हणाला, "काका, वर या." मला वाटलं, हिचा ताप वाढला असेल. वर आलो, तर त्यानं माझ्या हातातली थापी काढून घेतली. ही गेली होती... त्याला आता महिना झाला.

मी गवंडी, दुसरी यत्ता शिकलेला. आमची ही मुलींच्या शाळेत बाई होती. बाई फार शांत होत्या, असं लोक सांगतात. शाळेत असेल, घरात लई भांडायची. एका चैत्रात तिनं पोरींना ज्वालामुखी शिकवला. चित्र नव्हतं, म्हणून पोरींना घरी बोलावून चुलीवर रटरटणारं पिठलं दाखवलं. आपला काळा दगडही असाच पातळ, तापलेला, जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला आणि थिजला, म्हणाली. पोरी खूश होऊन गेल्या. पण घरी जाताना रस्ता तापलेला, पाय अनवाणी. चटके बसले तसं त्यांना वाटलं, खालची आग वर यायला लागली. झालं, शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी आया पोरींना कडेवर घेऊन दारात. एक म्हणाली, "बाई, पोरगी खाटेवरनं उतरंना की. असलं शिकवणार असाल तर न्हाय धाडत आमी." वर्गात आधीच पोरी थोड्या. एवढ्या गेल्या तर वर्ग मोडणार, हिची नोकरी जाणार. ही आधी त्यांना समजावत होती. मग माझ्याकडे वळली. "अहो, धुण्याचा दगड उलटा करा." जेवू तर दे, म्हटलं. पण उठलो, पहार घातली. वरून तव्यासारखा तापलेला दगड खालून ओला, गार. त्या आईनं हात लावून बघितला. "गारच हाय की!"

"आग खालून येत असती तर हीच बाजू आधी तापली असती," ही म्हणाली. "वरचा चटका उन्हाचा. इथली आग कधीच निवली, तिचाच हा दगड झालाय." पोरगी आईच्या कडेवरून उतरली आणि त्या ओल्या बाजूवर पाय ठेवून उभी राहिली, ती हलेचना. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. दगड सरळ करताना हिनं पलीकडून धरलं, वर मलाच दटावलं, बोटं सांभाळा म्हणून.

परवा भर उन्हात मी तो पुन्हा उलटा केला. कशाला, ते सांगता येत नाही. हात ठेवून बसलो, गार होता... सरळ करायला पलीकडून धरणारं कुणी लागतं. गणपतला हाक मारली असती तर आला असता. नाही मारली. दगड तसाच पालथा आहे, धुणं मी शेजारच्या फरशीवर धुतो.