खाऱ्या पाण्याचा हात

अकोल्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून दुर्गाबाईंना एक नवीनच सवय लागली होती. सकाळी प्रीतम आणि त्याची बायको माया कामाला निघून गेले, की त्या स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा नळ अर्धा सोडायच्या आणि धारेखाली हात धरून उभ्या राहायच्या. डोळे मिटलेले, ओठांवर हसू. खाली बादली मात्र ठेवलेली असायची. स्वप्नात असली तरी बाई वऱ्हाडातली होती, थेंब वाया घालवणं तिच्याच्यानं झालं नसतं.

ते पाणी गोडं होतं. ज्यांनी जन्मभर गोडं पाणी प्यायलं त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. वाटू द्या. दुर्गाबाईंचं माहेर सातपुड्याच्या बाजूचं, हिवरखेडचं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली की विरघळायची, आणि डोक्याला साबण लावला तर फेस निघता निघायचा नाही. त्या विहिरीवरून उठवून त्यांना दिलं ते पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. तिथे जमिनीखालचं पाणीच खारट. आंघोळ केली तरी अंग चिकट, चहात दूध घातलं की फाटायची भीती, आणि कोणत्याही भांड्यात पाणी तापवलं की बुडाला पांढरा थर धरायचा. गावात त्याला नुसतं खार म्हणत.

त्या खाराशी दुर्गाबाईंनी चाळीसेक वर्षं वैर केलं. चिंचेचा कोळ, आंबट ताक, पिळून उरलेल्या लिंबाच्या साली, चुलीतली राख, यातलं काही ना काही त्यांच्या हाताला कायम लागलेलं असायचं. भांडं रात्रभर ताकात भिजत घालायचं, सकाळी नारळाच्या शेंडीने घासायचं, उन्हात उपडं मारायचं. दुर्गाबाईंच्या घरी खार टिकत नाही, असं गावातल्या बाया म्हणत, आणि हे ऐकायला त्या मुद्दाम पाणवठ्यावर जरा जास्त वेळ थांबत.

गंमत अशी, की तेच पाणी गावाला सोडायचं काम त्यांच्या नवऱ्याचं होतं. मोतीराम ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होते. पहाटे उठून टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लोगल्ली नळ आले की नाही ते बघत हिंडायचं. माणूस अबोल. लोक पाण्याला शिव्या देत, मोतीराम ऐकून घेत. जणू तो खार त्यांनीच टाकीत कालवला होता.

गेल्या हिवाळ्यात मोतीरामांचा मुतखडा काढावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, बाकी जेवणखाण नेहमीसारखं ठेवा, पण ते खारं पाणी प्यायचं बंद. प्रीतमने घराला कुलूप लावलं आणि दोघांना अकोल्याला घेऊन आला. दुर्गाबाईंनी वरवर डोळे पुसले, पण आतून त्यांना हिवरखेडला परत निघाल्यासारखं वाटत होतं.

इथे न्हाणीघरात बोअरचं पाणी यायचं आणि तोट्यांवर पांढरे डाग धरायचे. माया बाजारातून कसलंतरी झोंबरं ॲसिड घेऊन आली. दुर्गाबाईंनी ती बाटली माळ्यावर टाकली आणि लिंबाची अर्धी फोड तोटीवर फडक्याने बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी तोटीत मायाला स्वतःचा चेहरा दिसला.

"आई, तुमी तं जादूच केली!"

"जादू कायची वं? हातच तसा हाय आपला," दुर्गाबाई म्हणाल्या आणि दिवसभर खूश होत्या.

स्वयंपाकही त्यांनीच आपल्याकडे घेतला. गोड्या पाण्यात वरण शिजायचं कसं, लोण्यासारखं! सोडा नको की रात्रभर भिजवणं नको. झाकण काढलं की वाफेबरोबर थेट माहेरची ओसरी यायची, आई यायची, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर यायची. घास तोंडात घातला की त्यांना वाटायचं, हीच ती चव. लहानपणची, मऊ, शांत, कशाचाही त्रास नसलेली चव.

प्रीतम आणि माया डबा घेऊन जात. मायाच्या डब्याच्या पिशवीत मिठाची एक इवलीशी डबी निघायची. काकडी खात असेल पोरगी, असं म्हणून दुर्गाबाई ती धुऊन परत ठेवत.

दुपारी दोघं म्हातारेच जेवायला बसत.

"कसं गोड झालं ना वरण?" त्या विचारायच्या.

"हो," मोतीराम म्हणायचे.

पण मोतीराम जेवत नव्हते. आधी भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोर. वरणाच्या वाटीत बोट फिरवत बसायचे आणि भूक नाही म्हणून उठायचे. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाले. माणूस ठीक असून वाळत चालला तर बायकोने करायचं काय? दुर्गाबाई रोज काहीतरी वेगळं रांधायच्या. वांग्याची भाजी, पातोडी, झुणका. मोतीराम प्रत्येकाला हो म्हणायचे आणि प्रत्येक ताट तसंच मागे सारायचे. हा माणूस आपल्या डोळ्यांसमोर विझतोय, हे दुर्गाबाईंना कळत होतं आणि ती भीती त्यांचं काळीज पोखरत होती.

उन्हाळ्यात गावाहून निरोप आला. शेजारच्या किसनरावांच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. दोघं एसटीने गेले. बुद्धवंदना झाली, नाव ठेवून झालं, पेढा खाऊन झाला. पंगतीला वेळ होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं, म्हणून दुर्गाबाईंनी स्वतःच्या घराचं कुलूप काढलं, चूल झाडली आणि डाळीत सोडा घालून पटकन वरण-भाकरी टाकली. पाणी अर्थातच नळाचं, खारं. पिण्यापुरती अकोल्याची बाटली सोबत होती.

मोतीराम जेवायला बसले. एक भाकरी संपली. दुसरी संपली. वाटी त्यांनी दोनदा पुढे केली, आणि शेवटी बोटाने पुसून चाटली.

दुर्गाबाई बघत राहिल्या. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना रडूच कोसळलं. म्हणजे ज्या पाण्याने माझे केस झडवले, हात फोडले, तेच या माणसाला हवं आहे! मी गोड्या पाण्यात जीव ओतून रांधलं ते गेलं मातीत! शेजारच्या पार्वताबाईंनी विचारलं, "काहून रडून राहिली वं?" तर म्हणाल्या, "धूर गेला डोयात."

परतताना मात्र त्यांनी एक कॅन त्या पाण्याने भरून घेतला आणि वर साडी गुंडाळली. प्यायला द्यायचं नाही, नुसतं वरणापुरतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. डॉक्टरांना आपण फसवतोय हे कळत होतं. पण नवरा जेवला पाहिजे, बाकी जग गेलं खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गंजात, डाळीच्या उभट पातेल्यात, ते पाणी ओतलं, काठोकाठ, आणि गंज गॅसवर ठेवला. मोतीराम बाहेरच्या खोलीत पडले होते. कूलर घरघरत होता. डाळ निवडता निवडता दुर्गाबाईंचे डोळे जड झाले, सूप मांडीवर राहिलं, आणि त्या भिंतीला टेकल्या टेकल्या हिवरखेडला पोचल्या.

विहिरीवर आई उभी होती. दोर हळूहळू वर येत होता. बादली काठावर आली तर तिच्यात पाणी नव्हतं, पांढरंशुभ्र काहीतरी होतं. आई म्हणाली, घे ना, तुझंच आहे. दुर्गा हात पुढे करेना. आई हसली आणि बादली तशीच धरून उभी राहिली, किती वेळ कोण जाणे.

गंज तडतडला तशी त्यांना जाग आली. पाणी पार आटलं होतं. धावत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. बुडाशी आणि कडेने पांढरा थर धरला होता, जाड, भेगा पडलेला. त्या वैतागल्या. गंज निवला तसा सवयीने नखाने थर खरवडला. आणि कोण जाणे का, अजून झोपेतच होत्या की काय, पण जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. नखावरचा तो खार जिभेवर ठेवला.

खारट. थोडा कडसर, पण खारट. चांगला लख्ख खारट.

दुर्गाबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मिठाचा डबा पुढे ओढला, वरणाला घालतात तशी चिमूट घेतली आणि तळहातावर सोडून बघितली. जेमतेम दोन-चार कण. चाळीस वर्षं त्यांनी एवढंच मीठ घातलं होतं, कारण उरलेलं पाण्यात होतं. सासूने पहिल्याच वर्षी हात धरून शिकवलं होतं, इतकंच, याच्यावर नाही. गाव सुटलं, पाणी सुटलं, पण हात तिथलाच राहिला. इतके महिने त्या घरादाराला अळणी खाऊ घालत होत्या, आणि त्या अळणीपणालाच माहेरची चव समजत होत्या. मायाच्या पिशवीतली ती डबी आठवली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पोरं डबीवर भागवत होती. आणि मोतीराम?

मोतीरामांनी कधी ताटात वरून मीठ घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं, तेही आठवलं. लग्नानंतरची पहिली डाळ. खाऱ्या पाण्यात ती शिजलीच नाही, दाणे दाताखाली कडकड वाजले. सासू घरभर ऐकू जाईल अशी बोलली. नवी नवरी गोठ्याजवळ जाऊन रडत बसली, तर मोतीराम मागे आले. कडक डाळीची वाटी त्यांनी रिकामी केली होती. म्हणाले, "रडू नको. पाणीच वंगाळ हाय. तुया रांधण्याले म्या कदी नाव नाई ठेवणार."

दुर्गाबाईंनी कॅनमधलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं. नळाच्या गोड्या पाण्यात डाळ लावली आणि मीठ घातलं, दोन भरगच्च चिमटी, मग घाबरत अजून एक. मग भाकरी थापल्या.

"या जेवाले," त्यांनी हाक मारली.

मोतीराम सावकाश येऊन बसले. घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला. चावता चावता थांबले आणि त्यांनी मान वर केली.

"अळणी होतं ना इतके दिवस?" दुर्गाबाईंनी विचारलं.

मोतीरामांनी दुसरा घास मोडला.

"आवो, मी इचारून राहिली तुमाले. उपाशी वायत चालले, सदरे ढिले झाले, अन् एका शब्दानं सांगतलं नाई?"

"कसं सांगू?" मोतीराम म्हणाले. "शब्द देल्ला होता ना तुले. गोठ्यापाशी."

"तो त्या एका डायीपुरता होता!"

"असं?" ते जरा विचारात पडले. "मले वाटलं, जन्माचा होता."

या माणसाला ओरडावं की कवटाळावं हेच कळेना. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि ताटासमोर मांडी ठोकून बसल्या.

"तो शब्द आता तुमाले वापस. घेतला? मंग खरं सांगा, वरण कसं झालं?"

मोतीरामांनी अजून एक घास घेतला. नीट चावला. बायकोकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, परत बायकोकडे पाहिलं. उभ्या जन्मात कधी न केलेलं काम करायचं होतं, तेव्हा थोडा वेळ लागणारच.

"मीठ जरासं जास्त झालं," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."