आधी शेवट

मी रहस्यकथा उलट्या वाचते. आधी शेवटचं पान, मग पहिलं. खुनी कोण ते एकदा कळलं की जीव स्वस्थ होतो आणि लेखकाची लबाडी पकडत मजेत वाचता येतं. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा ही खोड घेऊनच आले.

थोरल्या जाऊबाईंना मात्र प्रेमाच्या कादंबऱ्या लागत. त्यांचं वाचन अक्षर लावून लावून चाले, म्हणून दुपारी पुरुषमंडळी कामावर गेली की त्या तांदूळ निवडत बसत आणि मी मोठ्याने वाचून दाखवी. मला त्या कादंबऱ्यांचा भारी राग येई. नायक पुण्याचा, नाहीतर मुंबईचा. जबलपुरात कोणी प्रेमात पडतच नसावं. एका वाक्यात मिटेल असा गैरसमज अर्धं पुस्तक चाले. नायिका बेशुद्ध पडे, तीसुद्धा नेमकी नायकाच्या हातांवर. मी वैतागून पुस्तक मिटलं की जाऊबाई डोळे पुसत म्हणत, "काहून थांबली? वाच ना." माझ्या खोडीला मात्र त्या हसत. "हे काय करून राहिली तू? जेवायच्या आधी कोणी आचवते का?"

मग लढाई सुरू झाली. थोरले दीर लष्करात कारकून होते, ते ब्रह्मदेशाकडे गेले. सुरुवातीला त्यांची पत्रं येत, नंतर ती थांबली. मामंजी कचेरीत जाऊन विचारत, तिथे काही कळलं नाही एवढंच सांगत.

त्या दिवसांत एकदा मी नवी कादंबरी उघडली, तर जाऊबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "आधी शेवट पाहून घे. तो परत येत असन, तरच वाच."

मी शेवटचं पान काढलं. नायक परतला होता. मी मान हलवली आणि वाचायला लागले.

पुढे तीच रीत पडली. ज्या पुस्तकात तो परतत नसे, ते तसंच मराठी वाचनालयात परत जाई. आमचे हे सायकलवरून पुस्तकं ने-आण करत, ते कुरकुरत, "वाचून राहिल्या का नुसत्या वास घेऊन राहिल्या तुम्ही?" ज्या कादंबऱ्यांना मी नावं ठेवत होते, त्यांचे गोडगोड शेवट आता मीच आशेने शोधू लागले. नायक शेवटी दारात उभा असला की मला लेखकाच्या पाया पडावंसं वाटे.

एका दुपारी दारात खरंच कोणीतरी उभं राहिलं. दिरांच्या पलटणीतला माणूस होता, कटनीकडचा, सुट्टीवर आलेला. घरात आम्ही दोघीच होतो. मी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत सांगायला गेले. जाऊबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तू जा. आधी तू ऐकून घे. येऊन राहिले असतील, तरच मला हाक मार."

मी बाहेर आले. त्या माणसाने पाण्याला हात लावला नव्हता. टोपी मांडीवर ठेवून तो म्हणाला, "दीदी, आखिर तक मैं बाबूजी के पास ही था." पुढचंही त्याने सांगितलं, ताप, पाऊस, पायी चाललेली वाट. मी ऐकत होते आणि आत आधणाला उकळी फुटल्याचं मला कळत होतं. मधल्या दाराचा पडदा हलत नव्हता. देवा, एकदा तरी खोटं बोलता आलं असतं तर!

मी हाक मारली नाही.

थोड्या वेळाने आत चर्र आवाज झाला. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतलं होतं.