तक्रार कुठे द्यायची

आईला झेरॉक्सवर आगाऊ सह्या करून ठेवायची सवय होती. राजूरजवळच्या आमच्या गावात ती शाळेची मुख्याध्यापिका होती. दाखला किंवा गुणपत्रिका घेऊन दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हा तिचा बाणा. निवृत्त झाल्यावर लोकांचे कागद यायचे थांबले, तर ही बाई स्वतःच्याच कागदांवर सह्या करत बसायची. आधार कार्ड, पॅन कार्ड, घराचा उतारा, खरेदीखत. प्रत्येकाच्या दहा-दहा प्रती आणि खाली ‘सत्यप्रत’ लिहून वळणदार सही. तारीख नाही, प्रत कशासाठी दिली तेही नाही. “तारीख घातली की कागद शिळा होतो,” म्हणायची. मी सुप्याच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते, कागदाने काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पण मुख्याध्यापिकेला शिकवायचं कुणी?

त्यातला एक संच तिने तिच्या जुन्या विद्यार्थ्याला दिला. तो आता लोकांना कर्जं मिळवून देणारा एजंट झाला होता. पेन्शनचं काहीतरी काम करून देतो म्हणाला, चहा प्यायला, पाया पडून गेला. पाया पडला हे आई नंतरही मला सांगत राहिली, जणू तेवढ्याने त्याचा गुन्हा थोडा कमी होणार होता.

मग एक दिवस पुण्याच्या एका फायनान्स कंपनीची नोटीस आली. घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज थकलं आहे, साठ दिवसांत भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊन लिलाव करू. शेजारून वाटीभर साखर आणली तरी दुसऱ्या दिवशी परत करणारी आमची आई! घर तिने पगारातून, एकेक खोली वाढवत बांधलेलं. मी सुट्टी टाकून धावत गेले. ती नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करत बसली होती. मला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की आईच्या त्याच सह्यांवरून त्या विद्यार्थ्याने शिर्डीच्या एका हॉटेलात बसून खोटे कागद तयार केले, आईच्या नावाने भलतीच बाई उभी केली गेली आणि कर्ज पुण्यात मिळालं. घर मात्र इथे. मग तक्रार द्यायची कुठे? कंपनीचा माणूस फोनवर पुण्याला या म्हणाला. पारावरचे लोक शिर्डी म्हणाले. शेवटी आम्ही तालुक्याच्या गावी, अकोले इथल्या एका वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी शांतपणे समजावलं. फसवणूक तुकड्या-तुकड्यांनी झाली, तर ज्या ज्या ठिकाणी तिचा तुकडा घडला त्यातल्या कुठल्याही ठिकाणी खटला चालू शकतो. जिथे तिचा फटका बसला तिथेही चालतो. “घर इथं आहे, जाणार तेही इथलंच. इथंच द्या, बाई. तुम्हाला कुठं पुण्याला हेलपाटे घालायचे?”

आई म्हणाली, “पुण्यालाच देऊ.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. घर जायची वेळ आलीय आणि तुला त्याचा पुळका? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “इथे तक्रार दिली तर गावासमोर पोलीस त्याला गाडीत घालतील. त्याची आई रोज आपल्या दारावरून जाते गं.” तरी माझा राग गेला नाही. आज कबूल करते, त्या दिवशी मला ती बावळट वाटली.

गावात गोष्ट लपून राहते थोडीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई स्वतःच आली. ओट्यावर टेकली, पाणीसुद्धा घेईना.

“बाई, पुन्याला दिऊ नगा,” ती म्हणाली. “हितंच द्या.”

“अगं, तुझ्यासाठीच तर मी—”

“म्हाईत हाय मला. पर पुन्याला मला कोन नेईल? त्याचं चुकलंय, त्याला शिक्षा व्हऊ द्या. हितं आसला तर तारखेला त्याचं तोंड तरी दिसंल.”

आई उठली. तिच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसली आणि कितीतरी वेळ तिचा हात धरून बसून राहिली. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण मला तिथे उभं राहवेना.

तक्रार इथेच दिली. गुन्हा नोंदवल्याचा कागद कंपनीला पाठवल्यावर त्यांनी चौकशी होईपर्यंत लिलाव थांबवला. आठवड्याभरात त्याला पकडलं. अकोल्याच्या कोर्टात आणणार होते त्या दिवशी आई जायला निघाली, तर प्रवासी जीपमध्ये त्याची आई आधीच बसलेली. आई तिच्याशेजारीच बसली. मी समोर.

कोर्टाच्या व्हरांड्यातही दोघी एकाच बाकावर होत्या. पोलीस त्याला घेऊन आले, तशा दोघी एकदमच उठल्या. तो खाली मान घालून उभा राहिला. हवालदाराने दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, “याची आई कोण?”

ती बाई जागची हलेना. माझ्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे केलं.