रेखाच्या तापामागं

नांदेडच्या स्टेशनावर मला सोडायला दादा, म्हणजे माझे वडील, एकटेच आले होते. माय भोकरच्या घरीच थांबली. निघताना तिनं शेंगदाण्याची चटणी पिशवीत कोंबली, दार धरून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "एक तर गेलीच. आता तूबी जा."

गेली ती रेखा, माझी धाकटी बहीण. हिमायतनगरला दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला ताप आला. सासरच्यांना वाटलं, पावसाळ्यातला साधा ताप असंल. ती बरळायला लागली तेव्हा जीपमधून नांदेडला आणली. डॉक्टर म्हणाले, मलेरिया मेंदूत गेलाय. मी तेव्हा नांदेडलाच एम.एस्सी. करत होते. तिच्या उशाशी बसले, पण तिनं मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग मला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. जर्मनीत पीएच.डी.ला जागा मिळाली. डास चावला की अंगात शिरणारा हा जीव रक्ताच्या तांबड्या पेशीत लपतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन उभं करतो. त्या प्रथिनाच्या आधारानं पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसते. त्या प्रथिनाचा आकार शोधणं, हे माझं काम. त्यातली नेमकी खाच सापडली तर तिथं अडकणारी अँटिबॉडी, म्हणजे रोगाच्या जिवाला पकडणारं प्रथिन, आणि पुढं तिच्यावरून लस करता येईल, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

नमुने गोठवायचे, मायक्रोस्कोपखाली धरायचे, असंख्य धूसर चित्रांतून एक आकार जुळवायचा. खोलीवर येऊन मी राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाच्या भाकरी थापायचे; त्या तव्यावर टाकायच्या आधीच मोडायच्या. अशी वर्षं गेली आणि एकदाचा आकार मिळाला. व्हिडिओ कॉलवर मायला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला.

"दिसायला तर चांगलं हाय गं," म्हणाली. मग म्हणाली, "आता कुणी मरणार न्हाई ना?"

मी म्हणाले, "बघू, माय."

त्या आकारावरून केलेली अँटिबॉडी लॅबमध्ये वाढवलेल्या जिवाला बरोबर चिकटली. रुग्णांच्या रक्तातल्या जिवाला चिकटेना. त्याच्याकडं अशी प्रथिनं पुष्कळ असतात. शरीर एक ओळखतं तोवर तो दुसरं पुढं करतो. आम्ही त्यातलं एक पकडलं होतं. प्रोजेक्ट बंद पडला. आता मी जर्मनीतल्याच एका कंपनीत दुधाची पावडर तपासते.

गेल्या हिवाळ्यात गावी गेले. मायला ते घर सोसेना, म्हणून ती लातूरला मावशीकडं राहते. दादा शेत सोडत नाहीत. हरभऱ्याच्या बांधावर त्यांनी विचारलं, "सापडलं का ते?"

"सापडलं, दादा. पण ते सारखं बदलून राहिलं."

ते पिकाकडं बघत राहिले. "मग परत कशाला जातीस?"

"इथं तरी काय करू?"

  दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसमध्ये बसवून दिलं.

माझ्यासारखंच लांब आलेलं कुणी घर कुठं म्हणून विचारतं, तेव्हा मी भोकर सांगते. पण माय लातूरला, दादा भोकरला, मी इथं. फोनवर आम्ही पावसाचं, तब्येतीचं बोलतो. रेखाचं नाव कुणी काढत नाही. ते नाव न काढण्यापुरतेच आम्ही अजून एका घरातले आहोत.