मंगळावरच्या तेवीस टेकड्या

माझं शिक्षण विचाराल तर जुनी अकरावी, आणि वर सहा महिन्यांचा ट्रेसरचा कोर्स. तेवढ्यावर मी मंगळाचा नकाशा काढलाय. हसू नका, खरंच काढलाय. आधी चुकीचा काढला, मग बरोबर काढला.

पिंपरीला एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही चार बायका ट्रेसर होतो. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग काढायचे, आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर लावून शाईनं गिरवायचं. रेघ चुकली की ब्लेडनं हलकेच खरवडायची, कागदाला भोक पडू न देता. आमच्या साहेबांचं एकच म्हणणं, "ट्रेसरनं डोकं घरी ठेवून यायचं. रेघ आहे तिथं रेघ." मी डोकं बरोबर न्यायची, पण त्याला गप्प बसवायची.

आमच्या चिंचवडच्या गल्लीत टोकाच्या घरात एक सर राहायचे. पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. अर्धी हयात त्यांनी सह्याद्रीचे काळे दगड फोडण्यात घालवली, आणि माणूस चंद्रावर उतरला तसं त्यांना दुसऱ्या ग्रहांच्या जमिनीचं वेड लागलं. आधी चंद्र, मग मंगळ. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेल्या फोटोंच्या प्रती त्यांनी परदेशातल्या एका ओळखीच्या शास्त्रज्ञाकडून मागवल्या. दीड वर्षानं पाकीट आलं, आणि नेमका तोवर सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मगच ऑपरेशन. पाकीट हातात धरून सर आमच्या दारात उभे राहिले.

"ताई, तुम्ही दिवसभर रेघा बघता. माझ्या मंगळाच्या बघून द्याल का?"

मंगळ मला पत्रिकेतला तेवढा ठाऊक. माझ्या पत्रिकेत तो असा ठाण मांडून बसलेला की त्यापायी तीन स्थळं दारातून परत गेली होती. म्हटलं, बघू तरी मेला दिसतो कसा!

आणि दिसला हो! पहिला फोटो भिंगाखाली धरला नि मी जेवायची विसरले. नागमोडी बांध, रेघा, सपाट मैदानं. आमच्या माळरानासारखं सगळं, फक्त तिथं एक झाड नाही की गुराखी नाही. सर शिकवायचे आणि मी ऐकायची. जिथं उल्का पडून झालेले खड्डे जास्त, ती जमीन म्हातारी. जिथं कमी, ती तरुण. ऑफिस सुटलं की मी वाचनालयात जायची, इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. माझं वेड बघून नवरा म्हणायचा, "कंपनीत पार्ट आणि घरात ग्रह. माझ्यासाठी काही गिरवता का बाईसाहेब?"

एका मैदानावर मला बारीक बारीक उंचवटे दिसले. मोजले, तेवीस भरले. सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच.

"खड्डे सगळ्यांनाच सापडतात हो! टेकड्या म्हणजे आतून काहीतरी वर आलं. हा ग्रह आतून पेटलेला होता, ताई!"

त्याच वर्षी ते रिटायर होणार होते. एवढ्या वर्षांत त्यांना मोठ्या परिषदेत निबंध वाचायला कुणी बोलावलं नव्हतं. तेवीस टेकड्यांनी बोलावणं आणलं. सोमवारी सकाळची गाडी. निबंध टाइप करून तयार, माझा नकाशा तेवढा शाईनं पक्का व्हायचा राहिलेला.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. घरी आले, जमिनीवर बोर्ड मांडला, फोटो ओळीनं लावले आणि गिरवायला बसले. समोर सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या खेडकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण नजर घारीची. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

"काय गं, ह्ये एवढं खड्डं कशाचं म्हनायचं?"

"खड्डे नाहीत आत्याबाई, टेकड्या आहेत."

"टेकड्या? मला खुळी समजतीस व्हय? डोंगरात जल्म गेला माजा. टेकडी मला नगं दाखवू. गुरं चिखलातनं गेल्यावर खुराचं पडत्यात, तसलं खड्डं हायती ह्ये."

"आत्याबाई, सरांनी यावर पंधरा पानं लिहिलीत."

"लिव्हली आसतील. खड्डं ते खड्डंच."

माझा चढला पारा. म्हटलं यांच्या शेजारी बसून बोटानं एकेक टेकडी दाखवते. उठले, बोर्डाला वळसा घातला, त्यांच्या बाजूला टेकले आणि खाली बघितलं. काय सांगू! तेवीसच्या तेवीस टेकड्या आत गेल्या होत्या. सगळे खड्डे. माझ्या जागेवर परत गेले, पुन्हा वर आल्या. सासूबाई म्हणाल्या, "अंगात आलं का गं तुज्या?"

मग मी घरी ठेवायचं ते डोकं बाहेर काढलं. आम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं, उजेड डाव्या हाताला वरून येतो असं धरायचं आणि त्याप्रमाणं सावली द्यायची. तीच सवय डोळ्याला. पण मंगळावरचा सूर्य काय आमच्या कोर्सला आला होता? ऊन फोटोच्या खालच्या कडेकडून येत असेल तर खड्डा टेकडीसारखा दिसणार. आता ऊन कुठून, हे कळायचं कसं? रांगेतला शेवटचा फोटो घेतला. त्याची वरची कड काळी होत गेलेली. काळोख तिकडे म्हणजे तिकडे रात्र. मग सूर्य खालच्या बाजूला!

आणि चूक माझीच. प्रत्येक फोटोच्या एका कडेला कोरी पांढरी पट्टी होती. आमच्या ड्रॉइंगमध्ये नावाची चौकट खाली उजवीकडे असते, म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळे फोटो फिरवून ती पट्टी खाली घेतली होती. कुणाला विचारलं नाही. मंगळ उलटा धरला मी, आणि सहा महिने उलटाच गिरवला.

बोर्ड उचलला आणि तशीच सरांकडे गेले. सर बॅग भरत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंग घेतलं, फोटो खिडकीशी नेला, डोळ्याला अगदी चिकटवला. मग बसले.

"तेवीसच्या तेवीस?"

"हो सर."

"मग मी वाचू काय? मंगळावर खड्डे आहेत? ते तर शेंबडं पोरही सांगेल." आवाज चढला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "तार करून टाकतो. येत नाही म्हणून."

मला रडू येत होतं, पण नजर फोटोवरच होती, सुलट ठेवलेल्या. आणि एकदम आठवलं. त्याच मैदानात मी दोन खोलगट बशा सोडून दिल्या होत्या, खड्डेच ते म्हणून. प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक उंचवटा होता. आता बघते तर...

"सर, त्या दोन बशा वर आल्यात!"

"कुठल्या बशा?"

"मी मोजल्याच नव्हत्या त्या. आता टेकड्या झाल्यात. आणि मधला उंचवटा होता ना, तो माथ्यावरचा खड्डा झालाय!"

सर असे उठले की स्टुलावरचा चहा बॅगेत सांडला. "माथ्यावर खड्डा? म्हणजे ज्वालामुखीचं तोंड! परत सांगा. सावली कुठं पडलीय? काठ गोल आहे का? हळू सांगा, ताई, हळू!" आणि स्वतः मात्र ओरडत होते.

रविवारी सकाळपासून त्यांच्या घरात एकच धांदल. मी नव्यानं नकाशा काढतेय, सर फेऱ्या मारत मजकूर सांगताहेत, त्यांच्या मिसेस दोन बोटांनी टाइप करताहेत. पंधरा पानांची सहा झाली. माझी चूक पहिल्याच पानावर लिहायची, असा मी हट्ट धरला. सर म्हणाले, "आपली चूक. मी पण विचारलं नव्हतं." सोमवारी शाई पुरती वाळली नव्हती, म्हणून नकाशा गुंडाळीत मध्ये कोरा कागद घालून दिला.

शुक्रवारी स्टेशनवरून ते थेट आमच्याकडे आले, बॅगेसकट. मी दारातच विचारलं, "लोक हसले का हो सर?"

"हसले ना. तेवीस टेकड्या कशा बुडाल्या ते आधी सांगितलं, तेव्हा सगळा हॉल हसला. मग दोन दाखवल्या. तेव्हा कुणी हसलं नाही. पाऊण तास प्रश्न विचारत होते." त्यांनी बॅगेतून एक जाडजूड पाकीट काढलं. "आणि हे तिथल्या एका शास्त्रज्ञांनी दिलंय. शेजारच्या भागाचे फोटो. म्हणाले, तुमच्या बाईंना विचारा, अजून आहेत का."

मी पाकीट केसातल्या पिननं फाडलं. आधी ऊन कुठून येतंय ते शोधलं, कोपऱ्यात बाण काढला आणि मगच भिंग लावलं. सर शेजारी मांडी घालून, "काय दिसतंय? काय दिसतंय?" करत बसलेले. स्टोव्हवर भात होता, तो करपल्याचा वास आधी त्यांनाच आला. मी म्हटलं, "थांबा सर, इथं काहीतरी वर आलंय."