डोळस माणूस

सुहासकाकांच्या हातात कुठलाही कॅमेरा दिला की पहिला फोटो ते औषधाच्या पाकिटामागच्या बारीक अक्षरांचा काढत. मग तो स्क्रीनवर ताणून ताणून मोठा करत आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "धार नाही." माणसाचा फोटो काढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. माणसावर छापील अक्षरं नसतात, म्हणून असेल.

काका बँकेतून निवृत्त झालेले, आमच्याच आळीतले. मी आणि चार पोरं भिवंडीच्या नाक्यानाक्यावर पत्रकं वाटायचो, कारण अंजूरकडच्या खाडीत तिवरं गाडून गोदामासाठी भराव चालला होता. दिवसाढवळ्या डंपर येत. तहसील कचेरीत तक्रार घेऊन गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "गाडीचा नंबर वाचता येईल असा फोटो आणा, मग बघू." रस्त्यावरून मोबाइलने काढला की डंपर काडेपेटीएवढा दिसायचा. जवळ गेलं की राखणदार मोबाइल हिसकावून घ्यायचा. म्हणजे लांबचं टिपणारा साधा कॅमेरा हवा होता. वर्गणी जमली, आणि सगळ्यांनी एकमुखाने काकांचं नाव घेतलं. त्यांना कॅमेऱ्यातलं कळतं ना!

कळत होतं, हे खरं. नवशिक्यांसाठीचा एक मिररलेस कॅमेरा नुकताच बाजारात आला होता. हलका, फोकस झटकन पकडणारा. पण डोळा लावायची खिडकी नाही, त्यामुळे उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच नाक दिसायचं. शिवाय हात हलला की फोटो हलणार, ते सांभाळायची सोय आत नाही. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला खिडकी होती, पण बॅटरी जेमतेम. तिसऱ्याच्या लेन्स स्वस्त, पण फोकस चाचपडत बसणारा. हे सगळं काकांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं, की आज मीही दुकान टाकू शकेन. तिन्हींपैकी कुठलाही चालला असता. डंपर काही फुलपाखरू नव्हता.

"काका, घेऊन टाका ना कुठलातरी," मी म्हणाले.

"अगं बाई, तू पत्रकं छाप. वस्तू डोळसपणे घ्यायची असते."

डोळसपणे! हा शब्द ते विड्यासारखा चघळत. रोज नवा व्हिडिओ बघत, रोज त्यांचं मत फिरे. अंजूरचा गणेश, ज्याच्या घरामागेच भराव येत होता, तो रिक्षा थांबवून ओरडायचा, "काका, तो डंपरवाला तुमच्यासाठी थांबनार हाय काय? न्हाय थांबनार!" काका हसून म्हणायचे, "गणेश, घाई हा दोष आहे." लग्नाचे फोटो काढणारे सलीमभाई तर त्यांच्या तोंडावर म्हणाले, "चाचा, कॅमेरा लेना है या उससे निकाह पढ़ना है?"

शेवटी वैतागून सलीमभाईंनीच आपल्याकडचे दोन आणि भाच्याकडचा एक, असे तिन्ही कॅमेरे लांबच्या लेन्ससकट एका दुपारपुरते काकांना दिले. गणेशच्या रिक्षातून काका अंजूरला गेले. गणेश रिक्षात बसून राहिला, काका बांधावर उभे राहिले. चार दिवसांनी आमच्या बैठकीत ते निकाल घेऊन आले. चेहऱ्यावर तेज होतं.

"नवाच घ्यायचा. भरावावरच्या डंपरची नंबरप्लेट टिपून पाहिली तिन्हींनी. दुसऱ्यात तीन की आठ ते कळेना. तिसरा धूसर. नव्यात मात्र अक्षर न अक्षर स्वच्छ!"

मग मी विचारलं, "काका, तो फोटो कुठाय?"

"कुठला?"

"नंबरप्लेटचा."

"ते टेस्टचे फोटो होते गं. कार्ड पुसून परत दिलं. दुसऱ्याच्या वस्तूत आपला कचरा ठेवू नये."

"नंबर काय होता मग?"

"मी अक्षरांची धार बघत होतो, नंबर कशाला लक्षात ठेवतोय?"

गणेश उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला. पुसलेलं परत काढता येईल का विचारायला मी सलीमभाईंना फोन लावला. तोवर त्यांनी त्याच कार्डावर एक अख्खं लग्न काढलं होतं.

नवा कॅमेरा आम्ही दुसऱ्याच दिवशी आणला आणि अंजूर गाठलं. डंपर नव्हते. भराव पुरा झाला होता, रोलरही फिरून गेला होता. सपाट लाल मातीचे फोटो साहेबांनी पाहिले आणि विचारलं, "यात गाडी कुठंय?"

कोणी म्हणेल, म्हातारा माणूस, चूक झाली, सोडून द्या. का सोडायची? ज्याला जे कळतं, ते त्याने कशासाठी वापरलं, हे विचारायचंच नाही का? डंपरवाल्याचा मला राग येतो, काकांची किळस येते. डंपरवाला निदान आपण काय करतोय हे जाणून होता. मी काकांकडे जाणं बंद केलं.

परवा ते कशेळीच्या स्टॉपवर भेटले. त्यांनी स्वतःसाठी तोच कॅमेरा घेतला होता. मी तोंड फिरवायच्या आत त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. "अंजूरला जाऊन आलो. बघ, मोबाइलमध्ये येईल असं?"

गोदाम उभं राहिलं होतं. फाटकावर पाटी होती, 'परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे.' काकांनी ती ताणून ताणून मोठी केली. खालचं रंगाऱ्याचं बारीक नावसुद्धा वाचता येत होतं.

"धार बघ," काका म्हणाले.