तांबी काढली तेव्हा

धाकटीच्या बाळंतपणानंतर मी तांबी बसवून घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ती वर चढती बाई, काळजात जाऊन बसती." मी हसण्यावारी नेलं होतं.

पुढे ओटीपोटात टोचायला लागलं. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर तांबीचा दोरा हाताला लागेना. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी. एक्स-रे काढला तेव्हा ती दिसली, पिशवीबाहेर निसटून पोटात आडवी पडलेली. "दुर्बिणीनं निघेल," बाई म्हणाल्या, "नांदेडला जा."

सासूबाई हट्टानं सोबत आल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, "पोटाला दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची. आत हवा भरायची, कॅमेऱ्यानं बघायचं आणि चिमट्यानं काढायची."

"हवा?" सासूबाई दचकल्या. "सायकलीच्या ट्यूबावानी?"

"अगदी तशीच, आजी. नंतर काढून घेतो."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तर पोट फारसं दुखत नव्हतं, पण उजवा खांदा ठणकत होता. मी तसं सांगताच सासूबाईंचा चेहरा उतरला. "आता खांद्यात गेली!" म्हणत त्या नर्सकडे धावल्या.

नर्सनं छोटी बाटली आणून त्यांच्या हातात दिली. "ही बघा तुमची तांबी. पोटात थोडी हवा उरते, तिच्यानं खांदा दुखतो. संध्याकाळी त्यांना जरा चालवा."

सासूबाईंनी बाटली खिडकीकडे धरली. पांढरी इवलीशी काडी, तिच्यावर काळपट पडलेली तार. "एवढीशी हाय की!" असं म्हणून बराच वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी माझा हात धरून त्या मला व्हरांड्यात चालवू लागल्या.

"इतकी तकलीफ होऊन राहिली व्हती, तर आधी सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी म्हनला असता, 'म्या सांगितलंच व्हतं.'"

त्या थांबल्या आणि खळखळून हसल्या. "म्हनलेच असते!"

मलाही हसू आलं, पण टाके ताणले म्हणून मी पोट धरून भिंतीला टेकले.

कुरुंद्याला परतलो तेव्हा शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. मला वजन उचलायची मनाई होती. सासूबाईंनी लिंबाखाली बाज टाकून दिली. लग्न झाल्यापासून मी कढईतून हळद काढायलाच असायचे. त्या दिवशी शेजारी लेक झोपलेली, वाफेचा तो उग्र वास येत होता, आणि मी चहा पीत नुसती बघत बसले.